बूट कॅम्पच्या दिवसांत सोबत मागा, बातमी नको

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमचा मुलगा १९ वर्षांचा आहे. अमेरिकन नेव्हीच्या बूट कॅम्पसाठी, म्हणजे भरतीनंतरच्या सुरुवातीच्या प्रशिक्षणासाठी, शिकागोजवळ ग्रेट लेक्सला जाऊन तीन आठवडे झाले. पोचल्याचा मिनिटभराचा फोन आला, त्यानंतर काहीच नाही. मिस्टर त्याचं नावही काढत नाहीत. मी रात्री दोन-दोनपर्यंत पालकांच्या ग्रुपवर असते. परवा तिथे कुणीतरी लिहिलं की तिसऱ्या आठवड्यात फोन यायलाच हवा, तेव्हापासून झोप उडाली आहे. आम्ही नवरा-बायकोने एकमेकांना, आणि आम्ही सगळ्या पालकांनी एकमेकांना, आधार द्यायचा तो कसा?"

ताई, आधी फोनचं बोलू. तो विषय मिटल्याशिवाय बाकीचं काही तुमच्या डोक्यात शिरणार नाही.

तुमचा तिसरा आठवडा तुमच्या घरच्या कॅलेंडरवरचा आहे, तिकडचा हिशोब वेगळा चालतो. पोचल्यावरचे पहिले काही दिवस 'पी-डेज'. केस कापणं, लसी, रक्त, दात, युनिफॉर्म, कागदपत्रं यातच ते जातात, आणि प्रशिक्षणाचा पहिला दिवस त्यानंतर मोजतात. म्हणजे तुमचा तिसरा तो त्याचा कदाचित दुसराच. शिवाय फोन पोराच्या मर्जीने होत नाही. मोबाइल कुलपात असतो. फोनची वेळ कधी द्यायची ते आरडीसी, म्हणजे त्याच्या डिव्हिजनचे (तुकडीचे) प्रशिक्षक, ठरवतात. तपासणीत अख्खी डिव्हिजन घसरली तर फोन लांबतो. एखाद्याची नेमकी त्या दिवशी अक्कलदाढ काढलेली असते आणि तोंडात बोळा असतो. ऐंशी पोरं एका खोलीत झोपतात, त्यामुळे सर्दी-खोकल्याची साथ ठरलेलीच, तिला तिथे 'रिकी क्रड' म्हणतात. कुणाचा आवाजच बसलेला असतो. फोन न येण्याची अशी पन्नास कारणं आहेत आणि त्यांतली एकोणपन्नास किरकोळ आहेत. पन्नासावं, म्हणजे खरोखर काही गंभीर झालं, तर कमांड, म्हणजे तिथले वरिष्ठ अधिकारी, जवळच्या नातेवाइकांना स्वतः कळवते. ती बातमी ग्रुपवरून तुमच्यापर्यंत येणार नाही.

आता ग्रुपचं.

मी गेली १६ वर्षं सैनिकी कुटुंबांची समुपदेशक म्हणून काम करते, आणि २०१६ च्या जानेवारीत माझी स्वतःची लेक ग्रेट लेक्सला गेली होती. तेव्हा तिथला कार्यक्रम साधारण आठ आठवड्यांचा होता, नंतर तो दहाचा झाला, आणि २०२५ च्या जानेवारीपासून नऊचा आहे. हे मुद्दाम सांगते आहे. ग्रुपवर जी अनुभवी आई ठामपणे सांगते ना, "अमुक आठवड्यात अमुक होतं", तिचा मुलगा कुठल्या वर्षी गेला होता ते विचारा. ती खोटं बोलत नसते, तिचं वेळापत्रक जुनं असतं. त्यात कित्येक ग्रुपवर सगळ्या दलांचे पालक एकत्र असतात. मरीन कोअरचा बूट कॅम्प १३ आठवड्यांचा, पॅरिस आयलंडला किंवा सॅन डिएगोला. हवाई दलाचा लॅकलंडला, साडेसात आठवड्यांचा. कोस्ट गार्डचा केप मे इथे, आठ आठवड्यांचा. मरीनच्या आईने "आमच्याकडे सहाव्या आठवड्यात असं झालं" म्हणून लिहायचं आणि नेव्हीच्या आईने ते वाचून रात्र जागवायची, हा प्रकार मी इतक्यांदा पाहिला आहे की आता मला त्या वाक्याचीच धास्ती वाटते.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला मी एकच गोष्ट सांगते: इतर पालकांकडे सोबत मागा, बातमी मागू नका. त्यांच्याकडे सोबत भरपूर आहे. बातमी त्यांच्याकडेही नाही. "आज मला फार जड जातंय, कुणी जागं आहे का?" हे लिहिलंत तर पाच मिनिटांत चार जणी येतील, आणि त्या चौघी तुम्हाला खरंच हलकं करतील. "माझ्या मुलाच्या डिव्हिजनचं कुणाला काही कळलं का?" हे लिहिलंत तरी चार जणी येतील, आणि प्रत्येक जण वेगळं सांगेल. माझ्या लेकीच्या वेळी एकीने लिहिलं की आमच्या डिव्हिजनमध्ये तापाची साथ आहे आणि ग्रॅज्युएशन (प्रशिक्षण संपल्याचा समारंभ) पुढे जाणार. मी, समुपदेशक बाई, दोन दिवस जेवले नाही. नंतर कळलं, तिने डिव्हिजनच्या नंबरातला एक आकडा चुकीचा टाकला होता.

ग्रुप सोडू नका. फक्त रात्री दहानंतर उघडू नका. आणि त्यातल्या दोघी-तिघी निवडा, ज्यांची मुलं साधारण तुमच्याच सुमारास गेली आहेत, त्यांच्याशी रोज एकदा प्रत्यक्ष फोनवर बोला. टाइप केलेल्या मजकुरापेक्षा आवाजातून माणूस लवकर सापडतो. समोरासमोर भेटायचं असेल तर ब्लू स्टार मदर्स या सैनिकांच्या आयांच्या संघटनेची शाखा तुमच्या शहरात आहे का पाहा. ही संघटना १९४२ साली मिशिगनमधल्या फ्लिंटला सुरू झाली. खिडकीत निळ्या ताऱ्याचा झेंडा लावायची पद्धत त्याहूनही जुनी, १९१७ ची. एका ताऱ्यामागे घरातलं फौजेत गेलेलं एक मूल. आपल्या साताऱ्याकडच्या अपशिंग्यासारख्या गावात आईला हे वेगळं शोधावं लागत नाही, घरटी कुणी ना कुणी फौजेत असतो, विहिरीवर गेलं तरी चार समदुःखी भेटायच्या. इथे अमेरिकेतल्या उपनगरात मात्र तुम्ही गल्लीत एकट्याच असता, म्हणून खिडकीतल्या ताऱ्याला किंमत.

आता मिस्टरांकडे वळते, कारण मला वाटतं तुमचा खरा प्रश्न तिथे आहे.

ते नाव काढत नाहीत म्हणून त्यांना काही वाटत नाही, असा अर्थ लावू नका. एक प्रसंग सांगते, ओळख पुसून. एका घरी मुलाचं खोकं आलं. घालून गेलेले कपडे तिथे काढून ठेवावे लागतात आणि ते बऱ्याचदा खोक्यातून घरी येतात. आधीपासून माहीत असलं तरी दारात ते खोकं बघून भल्याभल्यांचा धीर सुटतो. आत राखाडी हूडी, जीन्स आणि बूट. आईने हूडी धुतली नाही, उशीखाली ठेवली. बापाने त्याच रात्री बूट उचलून गॅरेजमध्ये नेऊन ठेवले. झालं! आईला वाटलं, याला पोराची वस्तू डोळ्यासमोरही नको आहे. बापाला वाटलं, ही बूट बघून रडते तर निदान ते तरी नजरेआड असावेत. तीन दिवस दोघांमध्ये बोलणं नाही. माझ्यासमोर बसल्यावर बाई म्हणाल्या, "यांनी त्याचे बूट फेकले." ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "फेकले नाहीत. चिखल काढला. नाड्या तुटल्या होत्या, नवीन घातल्या." बाईंना हे ठाऊकच नव्हतं. तीन रात्री तो माणूस गॅरेजमध्ये बसून पोराचे बूट साफ करत होता.

तेव्हा तुमचे मिस्टर बोलत नसतील तर ते हातांनी काय करताहेत ते बघा. गाडी जरा जास्तच धुतली जाते आहे का? त्याच्या खोलीतला नळ अचानक दुरुस्त झाला का? बायका बहुतेकदा बोलून वाट बघतात, पुरुष बहुतेकदा काहीतरी दुरुस्त करत वाट बघतात. (उलटंही पाहिलं आहे. एक गृहस्थ माझ्याकडे ढसाढसा रडत होते आणि त्यांची बायको शांतपणे ग्रॅज्युएशनच्या हॉटेलांचे दर बघत होती.) दोघांपैकी कुणाचीही पद्धत बदलायला जाऊ नका. दिवसातली वीस मिनिटं मात्र ठरवून घ्या. रात्रीच्या जेवणानंतर मुलाबद्दल बोलायचं. त्या वीस मिनिटांत त्यांनी नुसतं बसायचं आणि ऐकायचं, उपाय सुचवायचा नाही. आणि उरलेल्या दिवसात तुम्ही त्यांना "तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?" हे विचारायचं नाही. या प्रश्नाचं उत्तर कुणालाही देता येत नाही, त्याने माणूस आणखी आत जातो.

दुसरी एक ठसठस असते, ती तुम्ही लिहिली नाहीत, पण बहुतेक घरांत असते म्हणून विचारते. "तुम्हीच त्याला जाऊ दिलंत" किंवा "तुझ्या लाडाने त्याचं अभ्यासातलं लक्ष उडालं" हे बोलणं तुमच्यात झालं आहे का? सतराव्या वर्षी भरती व्हायचं तर पालकांची संमती लागते. १८ पूर्ण झाले की लागत नाही. तुमचा मुलगा १९ चा आहे. सही त्याची आहे आणि निर्णयही त्याचा. कुणामुळे गेला, हा खटला आत्ता चालवू नका. पुढची तारीख घ्या. त्याच्या ग्रॅज्युएशननंतर दोघांना तो चालवायची इच्छा राहिली, तर माझ्याकडे या. आजवर त्यासाठी कुणी आलं नाही.

आपल्या मंडळींचाही त्रास असतो. मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी विचारतं, "का हो, कॉलेजच्या फीची अडचण होती का?" भारतातून आत्या फोन करून विचारते, "युद्धावर पाठवणार का त्याला?" तुम्ही एक उत्तर देता, मिस्टर दुसरं, आणि घरी येताना गाडीत त्यावरून वाजतं. यासाठी दोघांनी मिळून एकच वाक्य ठरवा आणि दोघांनीही तेच म्हणा. एका जोडप्याने ठरवलं होतं: "त्याने स्वतः निवडलंय, आणि आम्ही त्याची वाट बघतोय." पुढचा प्रश्न आला की तेच वाक्य पुन्हा. तिसऱ्यांदा कुणी विचारत नाही.

पत्रांचं थोडं सविस्तर सांगते, कारण या नऊ आठवड्यांत तुमच्या हातात खरं तर एवढंच आहे. दोघांनी वेगवेगळी पत्रं लिहा. आईच्या पत्राखाली "बाबांचाही आशीर्वाद" एवढं चालणार नाही, त्याला बापाचं अक्षर दिसू दे, चार ओळी असल्या तरी. पत्रावर तारीख आणि क्रमांक घाला, कारण ती मागेपुढे पोचतात. पत्ता त्याने कळवला तसाच्या तसा लिहा, शिप आणि डिव्हिजनच्या नंबरासकट (तिथे बराकींना 'शिप' म्हणतात). पाकीट साधं असावं. रंगीत स्टिकर लावून आणि वर "माझं बाळ" लिहून पाठवलं तर सगळ्यांसमोर त्याचीच फजिती. खाऊ पाठवू नका. घर कसं सुनं झालंय ते लिहू नका. कुत्र्याने काय उच्छाद मांडला, शेजारच्यांनी कुंपण कुठला रंग दिलं, कोण मॅच हरलं, हे लिहा. तिथे प्रत्येक मिनिट दुसरा कुणीतरी ठरवतो, तेव्हा घरी सगळं नेहमीसारखं चाललं आहे हे वाचणं फार बरं वाटतं. माझे मिस्टर लेकीला मराठीत लिहायचे, पण रोमन अक्षरांत, कारण तिला देवनागरी जेमतेम लागते. ती म्हणते, ती पत्रं ती ओठ हलवत वाचायची आणि शेजारच्या बंकवरची मुलगी विचारायची, हा कुठला मंत्र आहे?

आणि त्याचं पत्र आलं की आधी वरची तारीख वाचा, मग पत्र. पहिलं पत्र जवळजवळ नेहमीच रडकं असतं. "मला घरी यायचंय, चूक झाली." ते त्याने पहिल्या आठवड्यात, झोपेने डोळे मिटत असताना लिहिलेलं असतं, आणि तुमच्या हाती येईपर्यंत बरेच दिवस उलटलेले असतात. तुम्ही ते वाचून कोसळता तेव्हा तो बहुधा तिकडे चादरीचे कोपरे नीट दुमडायला शिकलेला असतो. ते पत्र एकटीने वाचू नका. मिस्टर घरी येईपर्यंत थांबा, दोघांनी मिळून वाचा. उत्तरात "लगेच परत ये" नको आणि "मर्दासारखा राहा"ही नको. "वाचलं. पहिले दिवस कठीण गेले असणार. पुढचं कळव." पुरे.

एक व्यावहारिक गोष्ट आजच करून ठेवा. घरात कुणी अत्यवस्थ झालं किंवा गेलं, तर रिक्रूटला (प्रशिक्षण घेणाऱ्या मुलाला) तातडीचा निरोप अमेरिकन रेड क्रॉसमार्फत जातो. नंबर १-८७७-२७२-७३३७, दिवसरात्र चालू असतो. त्यांना त्याचं पूर्ण नाव, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी नंबर, दल आणि युनिटचा पत्ता लागतो, शिवाय डॉक्टरचा किंवा हॉस्पिटलचा संपर्क, कारण ते आधी खात्री करून घेतात. रजा द्यायची की नाही हे रेड क्रॉस ठरवत नाही, कमांड ठरवते. आजी-आजोबा भारतात असतील तर तिथल्या डॉक्टरांचा नंबरही लिहून ठेवा. हा कागद फ्रिजवर लावा आणि फोन कुणी करायचा ते आत्ताच ठरवा. कुठल्या गोष्टीसाठी करायचा नाही, तेही. आजोबांचा मोतीबिंदू त्यात बसत नाही.

फसवणुकीबद्दल दोनच वाक्यं. "तुमचा मुलगा जखमी आहे, पैसे पाठवा" असा फोन किंवा मेसेज आला तर तो खोटा समजा, तो तसाच असतो. आणि मुलाचं पूर्ण नाव, डिव्हिजन आणि तारखा एकत्र कुठेही टाकू नका, म्हणजे असा मेसेज लिहिणाऱ्याला कच्चा माल मिळत नाही.

आता जे कुणी बोलत नाही ते. काही मुलं ठरलेल्या दिवशी ग्रॅज्युएट होत नाहीत. धावण्यात मागे पडलं, पोहणं जमलं नाही, आजारपण आलं, तर मागच्या डिव्हिजनमध्ये टाकतात. याला तिथे 'अॅस्मो' होणं म्हणतात. आठवडा, दोन आठवडे, कधी जास्त. एका कुटुंबाने भारतातून आजीला बोलावलं, परत न मिळणारी तिकिटं काढली, आणि मुलगा दोन आठवडे मागे गेला. आजी परतल्यावर तो ग्रॅज्युएट झाला. तेव्हा तिकिटं बदलता येतील अशीच काढा, पाचशे डॉलर जास्त पडले तरी. आणि काही मुलं मध्येच घरी येतात. पायाच्या हाडाला बारीक तडा गेलेला, लहानपणीचा दमा निघालेला, किंवा मनाने झेपलं नाही म्हणून. तो काही गुन्हा नाही.

पण अशा घराचं ग्रुपवर काय होतं ते मी वर्षानुवर्षं बघते आहे. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना धीर देणारी एखादी आई असते. तिचा मुलगा पाचव्या आठवड्यात घरी येतो. ती एक ओळ लिहिते, खाली चार हृदयं पडतात, आणि पुढचा मेसेज ग्रॅज्युएशनच्या टी-शर्टच्या मापांचा असतो. ती हळूच निघून जाते, कुणाच्या लक्षातही येत नाही. ताई, पालकांनी एकमेकांना आधार कसा द्यायचा हे तुम्ही विचारलंत ना, तर तो इथे द्या. त्या बाईला त्या आठवड्यात फोन करा. "आता काय करणार तो?" हे विचारू नका, "तू जेवलीस का?" एवढं विचारा. दुसऱ्या आठवड्यातही करा, कारण पहिल्या आठवड्यात निदान चार जण तरी करतात. आणि घरात मुलगा किंवा त्याची आई फारच खचलेली दिसली, जगण्याबद्दल वेडंवाकडं बोलायला लागली, तर अशा संकटातल्या मदतीसाठी ९८८ हा नंबर आहे, तो घरच्यांनीही लावला तरी चालतो.

शेवटच्या टप्प्याबद्दल फार सांगत नाही, तो तुम्हाला आपोआप कळेल. 'बॅटल स्टेशन्स' नावाची रात्रभराची, सुमारे बारा तासांची परीक्षा असते, एका इमारतीत उभ्या केलेल्या २१० फुटी नकली विनाशिकेवर. ती पार झाली की 'रिक्रूट' लिहिलेली टोपी काढून 'नेव्ही' लिहिलेली देतात. त्यानंतर घरी फोन येतो. तो फोन दोघांनी मिळून घ्या, स्पीकरवर. माझ्याकडची एक बाई त्या वेळी अंघोळीला गेली होती, आणि नवऱ्याने आनंदाच्या भरात तीन मिनिटं एकट्यानेच बोलून फोन ठेवला. ती ते अजून काढते.

माझे मिस्टरही तुमच्या मिस्टरांसारखेच. लेक गेल्यावर महिनाभर एक शब्द नाही. मी रोज रात्री ग्रुपवर आणि ते रोज रात्री घोरत. एका सकाळी कॉफी ओतताना ते स्वतःशीच पुटपुटले, "आज अकरा डिग्री, काल चौदा होती." (फॅरनहाइट बरं का.) आमच्या गावात त्या दिवशी पन्नासच्या वर होती. मी त्यांचा फोन पाहिला तर हवामानाच्या पानावर पहिलं गाव ग्रेट लेक्स, आमचं गाव दुसरं. तुम्ही आज ग्रुप उघडायच्या आधी मिस्टरांना सहज विचारून बघा, तिकडे आज थंडी किती आहे म्हणून.